काटा मारलेली जीप

आमच्या गॅरेजमध्ये जीप बांधून घ्यायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, यादी घेऊन येतो. तेहतीस इंची टायर, पुढं लोखंडी बंपर, बंपरात विंच, टपावर कॅरियर, कॅरियरवर दोन जेरीकॅन, एक फावडं आणि दिव्यांची रांग. यादीच्या तळाशी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘बाकी तुम्ही सुचवा.’ उस्ताद यादी शेवटपर्यंत वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि एकच प्रश्न विचारतात, “वजन किती भरलं?”

समोरचा गोंधळतो. “कशाचं?”

“गाडीचं. आत्ता किती आहे, आणि हे सगळं चढवल्यावर किती होईल?”

या प्रश्नाचं उत्तर बरोबर घेऊन आलेलं एकही गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. माझी पहिली जीप बांधताना मीसुद्धा ते नेलं नव्हतं. त्याचे पैसे मी पुढं कसे भरले तो किस्सा शेवटी येईलच. पण आधी एक गंमत सांगतो. रानवाटेची गाडी बांधणारे आम्ही सगळे ज्या गाडीचे वारस म्हणवतो, त्या मूळ जीपचा जन्मच वजनाच्या खोट्या आकड्यातून झालेला आहे. ज्यांचा ऊस कारखान्याला जातो त्यांना काटा मारणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तसाच काटा जीपला मारला होता, आणि तोही कागदावर, गाडी बनण्याच्या दोन महिने आधी.

पाच दिवसांचा कागद

११ जुलै १९४०. फ्रान्सनं जर्मनीपुढं शस्त्रं टाकून तीन आठवडेही झाले नव्हते. अमेरिकेच्या लष्कराला अचानक जाग आली की टेहळणीसाठी आपल्याकडं धड गाडी नाही. घोडा मागं पडलेला, मोटरसायकल चिखलात रुतणारी आणि ट्रक लांबूनच नजरेत भरणारा. लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना ताकद हवी, तीन माणसं बसायला हवीत, ६०० पौंड ओझं वाहता आलं पाहिजे आणि रिकाम्या गाडीचं वजन १३०० पौंडांच्या, म्हणजे ५९० किलोंच्या वर जाता कामा नये. भाव २२ जुलैपर्यंत द्यायचा आणि पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करायची.

१३५ पैकी दोनच कंपन्यांनी भाव भरला. एक टोलेडोची विलीज-ओव्हरलँड आणि दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बॅन्टम. बॅन्टम म्हणजे इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनच्या धर्तीवर चिमुकल्या मोटारी बनवणारी आणि जवळपास कुलूप लागलेली कंपनी. कारखान्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे लोक उरलेले, आणि आराखडा काढणारा त्यांच्यात कोणी नाही. म्हणून डेट्रॉईटच्या कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या स्वतंत्र काम करणाऱ्या इंजिनिअरला फोन गेला. काम मिळालं तरच पैसे, हे ऐकून त्यानं आधी नकार दिला. जनरल मोटर्स सोडून सरकारच्या युद्धतयारीच्या कामात गेलेले विल्यम नुडसेन यांचा निरोप आला, तेव्हा कुठं तो तयार झाला.

१७ जुलैला प्रॉब्स्ट गाडी घेऊन निघाला. बटलरला पोचण्याआधी वाटेत टोलेडोला थांबला आणि स्पायसर कंपनीत जाऊन त्यानं पहिली चौकशी केली ती एक्सलची. हा तपशील मला फार आवडतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग या गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या फडताळावर तयार होत्या. तयार नव्हता तो एवढ्याशा गाडीला बसेल असा, वळणारा आणि ताकदही देणारा पुढचा एक्सल. जी वस्तू बाजारात मिळत नाही तिची सोय आधी लावायची आणि बाकीची गाडी तिच्याभोवती उभी करायची. स्पायसरनं स्टुडबेकर चॅम्पियन या मोटारीच्या एक्सलवरून मार्ग काढला. आमच्याकडं मात्र लोक आधी दिवे विकत घेतात.

गुरुवारी, १८ जुलैला प्रॉब्स्ट ड्रॉईंग बोर्डाशी बसला. शुक्रवारी रात्री गाडीचा आराखडा तयार होता. शनिवारी किमतीचा हिशेब झाला, रविवारी वजनाची बेरीज झाली आणि तिथंच गाडी अडली. बेरीज भरली साडेअठराशे पौंड. लष्कराची मर्यादा तेराशेची, म्हणजे तब्बल अडीचशे किलोंची तफावत. बोल्ट पोकळ केले असते तरी ती भरून निघाली नसती.

बॅन्टमतर्फे लष्कराशी बोलणी करणारा चार्ल्स पेन हा नौदलातून निवृत्त झालेला आणि सरकारी कागदाची नस ओळखणारा माणूस होता. तेराशेच्या वरचा आकडा दिसला की कागद पुढं सरकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच रात्री फॉर्म पुन्हा टाईप झाले आणि वजनाच्या रकान्यात १२७३ पौंड हा आकडा बसला. आकड्याची निवडही बघण्यासारखी आहे. १३०० लिहिलं असतं तर कुणालाही शंका आली असती. १२७३ वाचलं की वाटतं, कुणीतरी खरंच मोजलेलं दिसतंय.

सोमवारी बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्डमध्ये निविदा उघडल्या. विलीजचा भाव कमी होता, पण त्यांना ४९ दिवसांत गाडी देणं जमणार नव्हतं. उशिराचा दंड जोडला आणि बॅन्टमचा भाव खाली आला. प्रॉब्स्ट आणि कारखान्याचा हॅरोल्ड क्रिस्ट यांनी मूठभर माणसं घेऊन गाडी उभी केली. पुढचे मडगार्ड हातानं ठोकलेले, डॅशबोर्ड बॅन्टमच्याच मोटारीचा. २१ सप्टेंबरला गाडी चाकांवर आली. २३ सप्टेंबरला संध्याकाळी पाचची मुदत होती. हे दोघं ती गाडी स्वतः चालवत निघाले. इंजिन कोरं, म्हणून सुरुवातीला जपून आणि घड्याळ बघितल्यावर दामटून. होलाबर्डच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

लष्कराच्या खरेदी अधिकाऱ्यानं, मेजर हर्बर्ट लॉज यानं गाडी पंधरा मिनिटं चढ-उतारांवर पिदडली. परत येऊन त्यानं निकाल दिला की ही गाडी इतिहास घडवणार. मग कुणीतरी नको तो प्रश्न विचारलाच, वजन किती? प्रॉब्स्टनं तिथं मात्र खरं सांगितलं. साडेअठराशेच्या आसपास, आणि टाकी भरली की आणखी वर. सगळे गप्प. प्रॉब्स्टनं सांगून ठेवलेला प्रसंग असा की घोडदळातला एक धिप्पाड अधिकारी पुढं झाला. दोन माणसांना खड्ड्यातून उचलता आली तर ही गाडी आपल्या कामाची, असं म्हणून त्यानं एकट्यानंच गाडीचं मागचं अंग उचलून पाहिलं आणि मान डोलावली. वजनाचा प्रश्न तिथंच मिटला.

हा किस्सा ऐकला की आमची गिऱ्हाइकं खूश होतात. ‘बघा, वजनाचं एवढं काही नसतं!’ उस्ताद त्यांना म्हणतात, नीट ऐका. प्रॉब्स्टनं लष्कराच्या फॉर्मवर १२७३ जाऊ दिलं, पण स्वतःच्या ड्रॉईंगवर साडेअठराशेच धरलं. एक्सल, कमानपाटे, ब्रेक, इंजिन हे सगळं खऱ्या वजनाला धरून निवडलं. फॉर्मवरचा आकडा त्यानं स्वतःलाही पटवला असता, तर गाडी होलाबर्डच्या पहिल्या खड्ड्यात बसली असती. त्यानं काटा मारला तो गिऱ्हाइकाला, स्वतःला नव्हे. आपल्याकडं बरोबर उलटं चालतं.

रंगाचा एकच हात

दुसरा किस्सा विलीजचा, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. बॅन्टमची गाडी पसंत पडली, पण एवढ्या लहान कारखान्यातून हजारो गाड्या निघतील यावर लष्कराचा विश्वास नव्हता. तेव्हा बॅन्टमचेच आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवण्यात आले. दोघांनी नोव्हेंबर १९४० मध्ये आपापल्या गाड्या आणल्या. लष्करानंही शहाणपणानं वजनाची मर्यादा वाढवून २१६० पौंड केली होती. विलीजची ‘क्वाड’ त्याहीपेक्षा २६३ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ १२० किलोंनी जड भरली.

विलीजचा मुख्य इंजिनिअर होता डेल्मर रूस. सगळे त्याला बार्नी म्हणत. त्याच्यासमोर सोपी वाट होती, इंजिन बदलायची. त्याचं चार सिलिंडरचं इंजिन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जड होतं. पण ते त्यानं दोन वर्षं खपून ४८ हॉर्सपॉवरवरून ६० पर्यंत आणलं होतं. बॅन्टम आणि फोर्ड ४५ च्या आसपासच रेंगाळत होते. चढावर गाडीला वर नेणारी ताकद तिथंच होती. इंजिन सोडायचं नाही, असं रूसनं ठरवलं. मग १२० किलो काढायचे कुठून? बाकीच्या सगळ्या गाडीतून.

त्यानं गाडी पार सुटी करायला लावली. प्रत्येक तुकडा काट्यावर गेला. गरजेपेक्षा लांब बोल्ट कापले, कॉटर पिनांची वाढीव टोकं छाटली, जाड पत्र्याच्या जागी पातळ आणि साध्या पोलादाच्या जागी चिवट पोलाद आणलं. असं दहा-वीस ग्रॅम, पाव किलो, एक किलो करत करत गाडी मर्यादेच्या खाली आली. किती खाली? सात औंस. दोनशे ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या वाटीत मावेल एवढी तूरडाळ. म्हणून गाडीला रंगाचा एकच हात दिला. दुसरा दिला असता तर त्या रंगाच्या वजनानं गाडी नापास झाली असती!

१९४१ च्या उन्हाळ्यात १६ हजार गाड्यांचं कंत्राट विलीजला मिळालं, गाडीमागं ७३९ डॉलरच्या आसपास भावानं. रूसच्या इंजिनाचा त्यात मोठा वाटा होता. पुढं फोर्डही विलीजच्याच आराखड्यावर जीप बनवू लागली. जीपच्या तोंडावरची उभ्या फटींची पत्र्याची जाळी ही खरी फोर्डची करामत. विलीज सुरुवातीला पट्ट्या जोडून जाळी करायची. फोर्डनं एकाच दाबात पत्रा छापला आणि काम स्वस्तही झालं आणि हलकंही. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. आणि बॅन्टम? जिच्या बोर्डावर दोन दिवसांत सगळ्यांची मूळ गाडी जन्मली, त्या कंपनीच्या जीपा तीन हजारांपर्यंतही पोचल्या नाहीत. उरलेल्या युद्धात तिनं जीपच्या मागं जोडायचे ट्रेलर बनवले.

उस्ताद हा किस्सा सांगताना रंगाशी थांबत नाहीत, इंजिनाशी थांबतात. त्यांचं म्हणणं असं की रूसनं गाडी नुसती हलकी केली नाही. वजन कुठं कामाला येतं आणि कुठं नुसतं बसून खातं, हे त्यानं ओळखलं. इंजिनाचं प्रत्येक किलो चढ चढत होतं. बोल्टाचं वाढीव टोक काहीच करत नव्हतं.

वाळूवरची रेघ

तिसरा किस्सा इंग्लंडकडचा, आणि छोटा. रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगल्सी बेटावर शेती होती. शेतीकामाला त्यांनी युद्धातली एक जुनी विलीज जीप ठेवली होती. थोरले बंधू स्पेन्सर हे कंपनीचे प्रमुख. ही जीप झिजली की पुढं काय, असं त्यांनी विचारलं. मॉरिस म्हणाले, दुसरी जीपच घ्यावी लागेल, या कामाची दुसरी गाडी आहे कुठं? ज्याच्या घरात मोटारींचा कारखाना त्यानं हे उत्तर द्यावं, हे दोघांनाही बोचलं असणार. १९४७ मध्ये रेड व्हार्फ बे इथल्या किनाऱ्यावर मॉरिस यांनी वाळूत नव्या गाडीचा आराखडा ओढून दाखवला, अशी लँड रोव्हरच्या जन्माची कथा आहे.

पहिला नमुना त्यांनी चक्क जीपच्याच सांगाड्यावर उभा केला. स्टिअरिंग मधोमध ठेवलं. डावीकडून चालवणारे देश वेगळे, उजवीकडून चालवणारे वेगळे, मधे ठेवलं की सगळ्यांना चालेल, असा हिशेब. तो प्रत्यक्षात कुणालाच सोयीचा वाटला नाही आणि गाडी विक्रीला येण्याआधीच मोडीत निघाला. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाला रेशन होतं, म्हणून अंगाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा घेतला. हातानं सहज वाकवता यावा म्हणून तो जमेल तेवढा सपाट ठेवला. सुरुवातीच्या गाड्यांचा फिकट हिरवा रंग विमानांच्या कामातून उरलेला. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. दोन-तीन वर्षं कारखाना चालवायला काहीतरी हवं, एवढाच तेव्हाचा बेत होता.

आम्हाला यातून घ्यायचं ते इतकंच. विल्क्स यांनी वाळूत रेघ ओढली ती जीप स्वतःच्या शेतात राबवून झाल्यावर. ती कुठं कमी पडते, हे त्यांच्या हातापायांना माहीत होतं. आमचं गिऱ्हाईक जीप घेतं शनिवारी आणि यादी आणतं रविवारी. उस्ताद त्याला सांगतात, आधी हीच गाडी एक पावसाळा चालव. जिथं अडेल ते लिहून ठेव. यादी त्यातून येऊ दे.

माझगावची खोकी

बार्नी रूसचा धागा थेट मुंबईला येतो. युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तिथं त्यांची रूसशी भेट झाली. बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये कंपनी निघाली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावानं, आणि ती होती पोलादाच्या व्यापाराची. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन दुसरा ‘महिंद्र’ आला. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, विलीजच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग मुंबईत उतरले आणि पुढं माझगावला जीप जोडण्याचं काम सुरू झालं.

पुढं आपल्याकडं मुरली ती सीजे थ्री-बी, उंच बोनेटची, म्हणून गॅरेजच्या भाषेत ‘हाय हुड’. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडं तिची पिलावळ त्यानंतरही कितीतरी दशकं रस्त्यावर येत राहिली. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, निवडणूक प्रचार, लग्नाची वरात आणि मुख्य म्हणजे वडाप, म्हणजे गावोगावची माणसं कोंबून नेणारी खाजगी वाहतूक. आतली, मागच्या फळीवरची आणि टपावरची सगळी माणसं मोजली तर जीप ही गाडी आहे की झाड, असा प्रश्न पडावा. तरी ती घाट चढायची. कशी?

इथं जरा आकडेमोड आहे, पण ती कळली की जीप कळते. इंजिनाचे किती फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो, ते बघायचं. पहिला गिअर, ‘लो’चा, म्हणजे अवघड चढासाठीच्या जादा गिअरचा रेशो आणि एक्सलचा रेशो यांचा गुणाकार करायचा. युद्धातल्या विलीजचा हा गुणाकार येतो साधारण पंचवीस-सव्वीस. थ्री-बीचा मूळ अमेरिकन हिशेब २.८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे सदतीस. इंजिनानं सदतीस गिरक्या घ्यायच्या तेव्हा चाक एकदा फिरायचं. वेग गोगलगायीचा, पण ओढ बैलाची. वडापवाल्याचं अर्धं भांडवल या सदतीसात होतं.

आता याच जीपला तेहतीस इंची टायर लावा. मूळ टायर एकोणतीस इंचांच्या आसपासचा. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, म्हणजे सदतीसाचे साडेबत्तीसच उरतात. टायरवाला दुकानदार हे सांगत नाही. गाडी उंच झाली, देखणी झाली, आणि चढावर जी ओढ हवी होती तिच्यातला आठवा हिस्सा गेला. तो परत आणायचा तर क्राउन-पिनियन बदला. मोठं चाक थांबवायला ब्रेक वाढवा. शाफ्टवर जोर वाढला म्हणून जाड शाफ्ट घाला. एका टायरनं अख्खी गाडी उघडायला लावली.

पाव्हणं, एवढं लोखंड कशाला?

आता माझा किस्सा. पहिली जीप मी हौसेनं बांधली, आणि बांधली ती चित्रं बघून. तेहतीसचे टायर, दोन बंपर, विंच, कॅरियर, दोन भरलेले कॅन, अडीच हात लांबीचा जॅक. सगळं सोसायला पाटे चढवले. गिअरला हात लावला नाही, कारण पैसे संपले होते. वजन केलं नाही, कारण सुचलंच नाही.

जुलैत वेल्ह्याच्या बाजूला गेलो. ओढ्याकडं उतरणारी मुरमाची ओली वाट होती. उतारावर गाडीनं नाक खाली घातलं ते वर येईना. मागची चाकं अंग सोडून घसरायला लागली. कशीबशी ओढ्यात उतरलो आणि समोरचा चढ घेताना इंजिन सारखं मान टाकायला लागलं. म्हणून क्लच दाबून, रेस वाढवून, झटक्यानं सोडला. एकदा, दोनदा. क्लचचा वास आला आणि तिसऱ्या झटक्याला मागून ‘टण्ण’ असा आवाज. मागचा शाफ्ट तुटला होता.

तासाभरानं वरून एक वडाप जीप आली. टायर गुळगुळीत, दरवाजा दोरीनं बांधलेला, आत शाळेची पोरं. ती लो टाकून आमच्या शेजारून गुरगुरत ओढा पार करून गेली. पोरं सोडून परत आलेल्या ड्रायव्हरनंच आम्हाला साखळीनं वर ओढलं. साखळी सोडवताना त्यानं माझ्या बंपरवर हात फिरवला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, “पाव्हणं, एवढं लोखंड कशाला?”

गाडी टेंपोत घालून आणली आणि उस्तादांनी ती उतरवून घेण्याआधी पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या रस्त्यावरच्या काट्यावर नेली. ऊस, वाळू, भंगार, सगळं जिथं भरतं तो काटा. मी घातलेलं सामान तीनशे किलोंच्या वर निघालं. मग त्यांनी शाफ्ट बसवला, गाडी पुन्हा काट्यावर आणली आणि या वेळी फक्त पुढची चाकं वर घेतली, नंतर फक्त मागची. तेव्हा मला ओढ्यातलं नाक समजलं.

हिशेब असा आहे. जीपच्या दोन एक्सलमधलं अंतर ऐंशी इंच. बंपर आणि विंच मिळून सत्तर किलो, आणि ते टांगले पुढच्या एक्सलच्याही दोन फूट पुढं. तराजूच्या दांडीसारखं होतं. पुढच्या एक्सलवर सत्तर नाही, एक्क्याण्णव किलो पडतात आणि वरचे एकवीस मागच्या एक्सलवरून उचलले जातात. मी विंच पुढं लावली आणि मागची चाकं हलकी केली. उतारावर तीच अंग सोडून घसरली. टपावरच्या कॅननी उरलेलं काम केलं. डिझेलनं भरलेला वीस लिटरचा कॅन वीस किलोंच्या पुढं जातो. तो सीटमागं ठेवला तर ओझं, टपावर ठेवला तर लोलक. आडव्या उतारावर गाडी उलटते ती अशा लोलकांनी.

तेव्हापासून उस्तादांची वही चालते. तिच्यात पहिल्या पानावर आरसी बुकाची प्रत चिकटवलेली असते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. जे आरटीओत बसणार नाही ते वहीतही बसत नाही. दुसऱ्या पानावर गाडी कुठं चालणार ते. कोकणातला चिखल, सह्याद्रीतला मुरूम, नदीतले गोटे, की खरं म्हणजे ऑफिसचा रस्ता आणि वर्षातून चार रविवार. तिसऱ्या पानावर चार रकाने: वस्तू, वजन, कुठं बसणार, वर्षात किती वेळा लागणार.

चौथा रकाना सगळ्यात निर्दय आहे. परवा यादी घेऊन आलेल्या एका मुलानं तो माझ्यासमोर भरला. दिव्यांची रांग, चौदा किलो, टपावर, किती वेळा? त्यानं पेन थांबवलं. ‘रात्री जात नाही आम्ही,’ म्हणाला आणि स्वतःच काट मारली. कॅरियर, पस्तीस किलो, काट. दुसरा कॅन, काट. विंचपाशी तो अडला. एकट्यानं जातोस का, उस्तादांनी विचारलं. नाही, तीन गाड्या असतात. मग तिघांत मिळून एक विंच, आणि दोर पोलादाचा नको, सिंथेटिक धाग्याचा. फावडं राहिलं. पट्टा आणि शॅकल राहिले. आधी होते त्याच मापाचे, पण चिखलाच्या नक्षीचे टायर राहिले. उरलेले पैसे एक्सल उघडून बेअरिंगं, सील आणि ब्रेक करण्यात गेले, जे फोटोत दिसत नाहीत. त्याच्या यादीतले दोनशे साठ किलो कागदावरच राहिले.

तुम्हीही जीप बांधणार असाल तर यादी घेऊन अवश्य या, चहा आमच्याकडून. फक्त येताना वाटेतल्या काट्यावर थांबा. पूर्ण गाडी, मग पुढची चाकं, मग मागची, अशा तीन पावत्या घ्या आणि यादीच्या वर टाचून आणा.